अवकाशमूर्खाची लक्षणे

समर्थ रामदासांनी दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांपासून सुरू केला. घरात, बाजारात, सभेत, चार माणसांत माणूस कोणकोणत्या तऱ्हेने मूर्ख ठरतो, याची इतकी बारीक नोंद पुढे कुणाला जमली नाही. एक जात मात्र त्या यादीत नाही, कारण ती तेव्हा जन्मायची होती. ती म्हणजे अवकाशमूर्खाची. ज्या आकाशातून सात पिढ्यांना भाडे येणार नाही, त्या आकाशात जाण्याच्या गोष्टी तो रचतो, दाखवतो, बघतो आणि शेवटी त्या खऱ्या करायला बसतो. मुंबईच्या उपनगरांत ही जात चांगली रुजली. तिची स्तुती करायला हा लेख लिहिला आहे आणि ती सरळ अर्थानेच घ्यावी.

स्तुती उपनगरातच का करायची? कारण उपनगर ही शहाण्यांची वसाहत आहे. अंधेरी-बोरिवलीचा, मुलुंड-घाटकोपरचा माणूस हिशेबावर जगतो. कोणत्या डब्याच्या कोणत्या दारात उभे राहिले की उतरताना जिना समोर येतो, कार्पेट आणि बिल्ट-अपमध्ये किती फूट हातचे जातात, पुनर्विकासात किती टक्के जागा जास्त मागावी, हे त्याला तोंडपाठ असते. हा शहाणपणा त्याने घाम गाळून मिळवला आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण हा शहाणपणा असलेल्या जागेची वाटणी करतो. जी जागा अजून कुणी पाहिलेली नाही, तिच्याकडे बोट दाखवायला मूर्खच लागतो.

पहिले लक्षण: जे नाही ते दाखवतो

१९९८ साली श्रीहरिकोटाहून एकही उपग्रह कक्षेत गेला नाही. पीएसएलव्ही या अग्निबाणाचे आधीचे उड्डाण सप्टेंबर १९९७मध्ये झाले होते आणि पुढचे मे १९९९मध्ये व्हायचे होते. मधल्या त्या रित्या वर्षात दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ अवतरला. काळ इसवी सन २२२०. माणूस सूर्यमालेत पसरला आहे, सगळ्या जगाचे सरकार एकच आहे आणि तुरुंगातून निसटलेल्या भयंकर गुन्हेगारांना ग्रहा-उपग्रहांवरून हुडकून आणण्याची कामगिरी व्योमवर आहे. व्योम झाला होता मिलिंद सोमण. पोहण्यातला राष्ट्रीय विजेता, पुढे मॉडेल झालेला, शिवाजी पार्कच्या अंगणात वाढलेला मराठी माणूस.

दिग्दर्शक होते केतन मेहता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, ‘भवनी भवाई’ आणि ‘मिर्च मसाला’चे कर्ते. एवढे नाव कमावलेला माणूस आणखी एक गंभीर सामाजिक चित्रपट करून आदराने जगू शकला असता. त्यांनी संगणकावर चित्रे घडवणारी माणसे जमवली आणि ज्या देशाने त्या वर्षी एक अग्निबाणही कक्षेत सोडला नव्हता, त्या देशाच्या प्रेक्षकाला थेट सूर्यमालेच्या फेरीवर नेले. त्यातले स्फोट आज कच्चे वाटतात, वेशभूषेचा चकचकाट डोळ्यांवर येतो. पण एक काम त्या मालिकेने चोख केले. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची. तेव्हा अवकाशयानाच्या मुख्य खुर्चीत बसलेला कप्तान कर्क अमेरिकेतल्या आयोवाचा होता. दहा-बारा वर्षांनी त्याच दूरदर्शनवर आपल्या भाषेतले नाव धारण करणारा माणूस ग्रहांच्या मधोमध उभा राहून हुकूम देऊ लागला. त्यासाठी आधी अग्निबाण सज्ज व्हायची वाट त्याने पाहिली नाही. मूर्ख थांबत नाही, हा त्याचा मोठा गुण.

दुसरे लक्षण: प्लायवूडवर विश्वास ठेवतो

गोरेगावला आरेच्या कडेला १९७७मध्ये उभी राहिलेली चित्रनगरी आज दादासाहेब फाळक्यांच्या नावाने ओळखली जाते. ते नाव अगदी योग्य माणसाचे आहे. १९१२ साली फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि त्या पैशावर विलायतेला जाऊन कॅमेरा आणला. परत आल्यावर भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या वेलाची वाढ टिपली. रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी डोळ्यांना न दिसणारी हालचाल पडद्यावर दाखवली. मराठी माणसाने केलेला विज्ञानपटच तो. त्या वेळी घरातले शहाणे काय म्हणाले असतील, ते सांगायला नको.

स्टुडिओतले यान प्लायवूडचे असते, खिडकीबाहेरचे तारे काळ्या कापडावरचे असतात, हे घरी बसलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही कळते. तरी ते श्वास रोखून बघते. हा विश्वास वाया जातो, असे समजू नये. १९२९मध्ये फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाने बर्लिनजवळच्या स्टुडिओत चंद्रावर जाणाऱ्या माणसांचा मूकपट केला. सल्लागार होते अग्निबाणशास्त्राचे अध्वर्यू हर्मन ओबर्थ. उड्डाणाचा क्षण प्रेक्षकांच्या अंगावर यावा म्हणून लांगने पडद्यावर आकडे उलटे मोजले. पुढे खऱ्या अग्निबाणांच्या तळांवरही तशीच उलटी मोजणी होऊ लागली. आज श्रीहरिकोटाचे उड्डाण बघताना घाटकोपरच्या दिवाणखान्यात आजोबा नातवाबरोबर दहा, नऊ, आठ मोजतात, तेव्हा ते एका मूकपटाची चाल पुढे चालवत असतात.

दुसरे उदाहरण १९७६चे. अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव द्यायचे ठरत होते. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मालिकेतल्या यानाचे नाव मान्य केले: ‘एंटरप्राइज’. पोस्टाची तिकिटे चिकटवत बसलेल्या त्या माणसांना त्यातून एक छदामही मिळायचा नव्हता. एंटरप्राइज पुढे प्रत्यक्ष अवकाशात गेलेही नाही, हवेतल्या चाचण्यांसाठीच ते वापरले गेले. पण त्या चाचण्यांतूनच पुढच्या शटलांना जमिनीवर उतरणे जमले. मूर्खाच्या वाट्याला बहुधा पायाचा दगड येतो आणि तो त्यावर समाधानी असतो.

तिसरे लक्षण: पढतमूर्ख

समर्थांनी पढतमूर्खासाठी दासबोधात वेगळा समास राखून ठेवला, कारण शिकलेल्याचा मूर्खपणा त्यांना अधिक गंभीर वाटला. अवकाशमूर्खांमध्येही पढतमूर्ख हीच सर्वांत वरची पायरी आहे. केंब्रिजचे फ्रेड हॉइल विश्वाच्या उत्पत्तीवर जगाशी वाद घालणारे शास्त्रज्ञ होते. १९६१मध्ये त्यांनी जॉन एलियट यांच्याबरोबर बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली. दूरच्या अवकाशातून आलेल्या संदेशात एक यंत्र घडवण्याची कृती सापडते आणि माणसे ती पाळतात, असे तिचे कथानक. प्राध्यापकाने टीव्हीची मालिका लिहावी हे विद्यापीठाच्या अब्रूला साजेसे मानले जात नव्हते. त्याच सुमारास हॉइल यांच्या हाताखाली एक मराठी विद्यार्थी संशोधन करत होता, जयंत विष्णू नारळीकर.

गुरूकडून गणिताबरोबर हेही वेड घेऊन नारळीकर १९७२मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पद्मभूषण पदरात पडून तेव्हा सात वर्षे झाली होती. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली आणि ‘कृष्णविवर’ स्पर्धेत धाडली गेली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाने खोट्या नावाने कथास्पर्धेत उतरायचे आणि गणिताच्या विदुषीने ती उतरवून काढायची, यात व्यवहाराच्या नजरेने कणभरही लाभ नव्हता. मराठी विज्ञानकथेला मात्र एक मोठा लेखक लाभला. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके शाळा-शाळांच्या ग्रंथालयांत गेली आणि त्यांची पाने हातोहात झिजली.

ज्या परिषदेने ही स्पर्धा भरवली, तिचे विज्ञान भवन चुनाभट्टीला आहे. १९६६पासून मराठीत विज्ञान सांगण्याचे काम ती करते आहे. मराठीत लिहून कुणाला नोकरी लागत नाही, कुणाचा व्हिसा होत नाही. तरी तिथे वर्षानुवर्षे माणसे संध्याकाळी कचेरीतून परस्पर येतात, टाचणे काढतात, मजकूर तपासतात. हाच तो वरच्या पायरीचा मूर्खपणा, आणि तो नसता तर ‘कृष्णविवर’ हा शब्द आज शाळकरी पोरांच्या तोंडी इतका सहज आला नसता.

चौथे लक्षण: विकत मिळत नाही ते घडवत बसतो

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता जेमतेम दहा-अकरा किलोमीटरचा. गर्दीच्या वेळी त्यावर तास जातो. एका टोकाला आरे आणि चित्रनगरीचा भाग, जिथे खोटी जगे उभारली जातात. मध्ये पवई आणि दुसऱ्या टोकाला विक्रोळी. या रस्त्यावर गाडीत अडकून पडलेल्या फार थोड्यांना ठाऊक असते की आपण देशाच्या अवकाशवाटेवरच उभे आहोत.

पवईला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात एलव्हीएम-३ या अग्निबाणाच्या एस-२०० बूस्टरचे भाग घडले. त्यांचा व्यास ३.२ मीटर, आत भरायचे घन इंधन सुमारे २०० टन. विक्रोळीला गोदरेजच्या आवारात, ज्या घराण्याच्या कपाटांत अर्ध्या महाराष्ट्राने मंगळसूत्रे आणि मुदत ठेवींच्या पावत्या जपल्या, तिथे विकास इंजिने तयार होतात आणि क्रायोजेनिक इंजिनांचे भाग जोडले जातात. चांद्रयान-३ला उचलणाऱ्या एलव्हीएम-३च्या मधल्या टप्प्यात अशी दोन विकास इंजिने होती आणि वरच्या टप्प्यात क्रायोजेनिक इंजिन.

स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाची हकीकत शहाण्यांनी जरूर वाचावी. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर आणि द्रव प्राणवायू उणे १८३ अंशांवर सांभाळायचा आणि त्यांच्याच शेजारी धगधगती ज्वाळा पेटती ठेवायची, असे ते यंत्र. तेव्हाच्या सोव्हिएत संघाशी १९९१मध्ये करार झाला, अमेरिकेचा दबाव आला आणि १९९३मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला. तयार इंजिने मात्र देऊ केली. हिशेबी सल्ला स्पष्ट होता: मिळतात तेवढी विकत घ्या आणि गप्प बसा. देशाने इंजिने घेतली, पण गप्प बसला नाही. १५ एप्रिल २०१० रोजी पहिले स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही हा अग्निबाण उडाला आणि मोहीम फसली. मग पुन्हा तीच जोडणी, तीच तपासणी. ५ जानेवारी २०१४ रोजी ते साधले. करार मोडल्यापासून दोन दशके उलटली होती. वीस वर्षे एका इंजिनाच्या मागे राहणे कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. विक्रोळीच्या फिटरांनी, वेल्डरांनी आणि तपासनिसांनी ते ताळेबंदाबाहेर बसवले. उद्या गगनयानातून भारतीय माणूस भारतीय अग्निबाणावर वर जाईल, तेव्हा त्याच्या पायाखालच्या धातूत या पूर्व उपनगरांचे हात असतील.

पाचवे लक्षण: दुसऱ्याने उडवायचे ते आपण सुरू करतो

पवईच्या आयआयटीत २००७मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःचा उपग्रह करायला घेतला. नाव ‘प्रथम’, वजन सुमारे दहा किलो, काम आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजण्याचे. आयआयटीतला शहाणा मुलगा चौथ्या वर्षी प्लेसमेंटची तयारी करतो. हे मात्र सोल्डरिंग करत राहिले. तुकडी पदवी घेऊन बाहेर पडे, नवी तुकडी वह्या आणि सर्किटे ताब्यात घेई. ‘प्रथम’ उडाला २६ सप्टेंबर २०१६ रोजी, पीएसएलव्ही-सी३५वरून. ज्यांनी आरंभ केला ते तोवर कधीच वसतिगृह सोडून गेले होते. आपल्या नावाची पाटी लागणार नाही अशा कामात विशीतली वर्षे घालणे हे या जातीचे सर्वांत सुंदर लक्षण मला वाटते.

याच कुळातले आणखी काही जण कर्जतच्या वाटेवर वांगणीला उतरतात. उपनगरांच्या दिव्यांनी आकाश फिकट केले म्हणून खगोल मंडळाची माणसे अंधार शोधत तिथवर जातात, रात्रभर नवख्यांना तारे दाखवतात आणि सकाळच्या गाडीने परततात. ढग आले तर तासन् तास थांबतात. त्यांचीही गणना याच यादीत व्हावी.

शहाण्याचा आक्षेप

शहाणा इथे विचारतो, आणि त्याचा प्रश्न हलका नाही: आमच्या लोकलमधून माणसे पडून मरतात, दर पावसाळ्यात कुर्ला-सायनला रूळ पाण्याखाली जातात, आणि तुम्हाला चंद्र सुचतो?

याला उपयोगाचे उत्तर देता येईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी उपनगरांतली कुटुंबे एकमेकांच्या काळजीत रात्रभर जागी होती. आज तोच शहाणा घराबाहेर पडण्यापूर्वी मोबाइलवर ढगांचे छायाचित्र बघतो. २०१३मध्ये गेलेल्या इन्सॅट-३डीसारख्या उपग्रहांनी ते त्याच्या हातात दिले. कालच्या मूर्खांनी लावलेल्या झाडाखाली आजचा शहाणा उभा असतो.

पण उपयोग दाखवून मूर्खाची सुटका करणे मला कमीपणाचे वाटते. पाणी न तुंबणारे रूळ हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो मागायलाच हवा. चंद्राचे पैसे वाचवले म्हणून नाले साफ होत नाहीत. नाले नालेसफाईने साफ होतात. चंद्र मागण्याचे कारण वेगळे आहे. दिवसाचे तीन-चार तास दुसऱ्याच्या खांद्याला खांदा चिकटवून प्रवास करणाऱ्या माणसालाही विश्व किती मोठे आहे हे जाणून घेण्याचा तितकाच अधिकार आहे. तो अधिकार आधी मूर्खांनी वापरला, म्हणून बाकीच्यांना तो आहे हे कळले.

आता मूर्ख कमी पडत आहेत

यश आले की मालिका शहाण्या होतात. २०१९मध्ये मंगळमोहिमेवर ‘एम.ओ.एम.’ आली, २०२२मध्ये भाभा आणि साराभाई यांच्यावर ‘रॉकेट बॉईज’. दुसरी तर मन लावून केलेली, उत्तम अभिनयाची. पण दोन्हींनी जे घडून गेले ते सांगितले. शेवट ठाऊक, यश पक्के, टाळ्या आधीच मोजलेल्या. ‘कॅप्टन व्योम’ने न घडलेले सांगायची जोखीम घेतली होती. ती जोखीम आता कुणी घेत नाही आणि मराठी वाहिन्यांवर तर तिचा मागमूस नाही. एकट्या आरती कडवसारख्या नागपूरच्या दिग्दर्शिकेने ‘कार्गो’त मृत माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करणारे ‘पुष्पक ६३४ ए’ नावाचे यान अवकाशात तरंगत ठेवले. पण तो चित्रपट होता आणि हिंदी होता.

सरकारने भारतीय अवकाशस्थानकासाठी २०३५ आणि चंद्रावर भारतीय माणूस उतरवण्यासाठी २०४० हे साल ठरवले आहे. या दोन सालांमधली पाच वर्षे म्हणजे मराठी मालिकेला मिळालेली मोकळी जमीन आहे. माणसाच्या अवकाशातल्या सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट तिथे सांगावी. तिची नायिका विक्रोळीच्या कारखान्यात इंजिनांची जोडणी तपासणाऱ्या बाईची मुलगी असावी. प्रश्न आपले असावेत. स्थानकावर दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो, तर गुढी कोणत्या सूर्योदयाला उभारायची? चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी टांगलेली दिसते, ती उगवत नाही की मावळत नाही. मग संकष्टीचा उपास करणाऱ्या आईने चंद्रावर कशाचे दर्शन घेऊन तो सोडावा? शुभांशू शुक्ला २०२५मध्ये गाजराचा हलवा आणि आमरस घेऊन अवकाशस्थानकात राहून आले. चुरमुऱ्यांच्या भेळेचे तिथे काय होईल, हे भौतिकशास्त्राचा खरा धडा शिकवत रंगवता येईल. यातला एकही प्रश्न परक्या मालिकेतून उचलता येत नाही. तो सुचायला मराठी घर लागते.

चित्रनगरीत जागा आहे, अंधेरीत संगणकावर जगे घडवणारे शेकडो तरुण आहेत, पवई-विक्रोळीत चुका दाखवणारे खरे जाणकार आहेत. वाहिन्यांच्या प्रमुखांकडे माझी मागणी एवढीच: रविवारी सकाळचा एक तास द्या. पहिल्या वर्षी जाहिराती मिळणार नाहीत. टीआरपी बघून तुमचा हिशेबनीस मालिका बंद करायला सांगेल आणि त्याचा हिशेब बरोबरच असेल. तरी ती चालू ठेवा. २०४०च्या यानाचे वॉल्व्ह जोडायचे आहेत ती मुले आज मुलुंडच्या आणि बोरिवलीच्या शाळांत चौथी-पाचवीला आहेत, आणि त्यांना बिघडवायला आपल्याकडे फार वर्षे उरलेली नाहीत.